अडतीसच्या पुंगळ्या

(नेमबाजी क्लबात, वरच्या मजल्यावरच्या काडतुसं भरायच्या खोलीत. मास्तर आणि वहिनी.)

मास्तर : चारशे बारा आहेत. सकाळी मोजून आणल्यात. कड फाटलेल्या तेरा वेगळ्या बांधल्यात, त्या भंगारात टाका.

वहिनी : मी घेत नाही म्हटलं ना, भाऊजी.

मास्तर : मग मी काय करू त्यांचं? काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरात शोभेला मांडू? या क्लबात अडतीसचं रिव्हॉल्व्हर माझं एकट्याचं, बाकी सगळे बत्तीसवाले. रिव्हॉल्व्हर गेलं की पुंगळ्याही गेल्या.

वहिनी : गेलं म्हणजे?

मास्तर : विकतोय. सेक्रेटरींना सांगून झालं. कपाटाची किल्लीही दिली आत्ता, वर येताना.

वहिनी : कमाल करता. मला विचारायचं तरी.

मास्तर : तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही गोळ्या ओता, भरा, माणसं तुम्हाला दुवा देतात. माझं नेमबाजीतलं काय उरलंय? निवड चाचणीत चौथा आलो. तिघांचा संघ. सदुसष्टाव्या वर्षी माणसाने न सांगता उठावं पंगतीतून. दादा असता तर त्यानेच उठवलं असतं मला.

वहिनी : हे असते तर आधी तुमचं काडतूस उघडून बघितलं असतं.

मास्तर : काडतूस कशाला? हात माझा गेलाय.

वहिनी : डॉक्टर काय म्हणाले हाताचं?

मास्तर : कुठला डॉक्टर? दोन झाले. पहिल्याने वय विचारलं आणि वयच झालंय म्हणून सांगितलं. दुसऱ्याने डोक्याचा फोटो काढला, नाकाला बोट लावायला लावलं, फरशीच्या रेषेवरून चालवलं. म्हणाला, मला तर काही दिसत नाही, पण तुम्हाला थरथर वाटतेय ना, मग रोज सकाळी ही अर्धी गोळी घ्या. घेतो. दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड असते.

वहिनी : आणि थरथर?

मास्तर : आहे की. वडिलांचा हात असाच गेला, वहिनी. आधी कप, मग सही, मग घास. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. टार्गेटवर छिद्रं पांगायला लागली तेव्हाच. आता मी नातीला जिन्यावरून उतरवत नाही. ती हात वर करून उभी राहते आणि मी म्हणतो, चालत ये. सून परवा म्हणाली, बाबा, तुम्ही तिच्यावर रागावलात का?

वहिनी : दार लोटा जरा.

मास्तर : का?

वहिनी : लोटा. आणि ते स्टूल घ्या. हे बघा, हे काडतूस. ओळखता?

मास्तर : माझंच आहे. चाचणीतलं?

वहिनी : त्याच लॉटमधलं. तुम्हाला साठ दिली, हे एक इथे राहिलं होतं. आता मी याची गोळी बाहेर काढते. ही अशी हातोडी असते, आपटली की गोळी सुटते. कान झाका. एक. दोन. निघाली. भिंग घ्या आणि सांगा काय दिसतंय.

मास्तर : तुमची ती हिरवी गोळी दिसतेय. पोरांना चघळायला द्यावी तशी.

वहिनी : फिरवा.

मास्तर : या बाजूने हिरवी. या बाजूने... इथे रंग नाही. उघडं शिसं आहे. सोललंय. नखाने सोलावं तसं.

वहिनी : पुंगळीच्या कडेने सोललंय. गोळी आत दाबायच्या आधी पुंगळीचं तोंड थोडं उघडावं लागतं, फुलपात्राच्या काठासारखं. साध्या शिशाची गोळी होती तेव्हा एवढंसं उघडलं तरी चालायचं. शिशावर या हिरव्या रंगाचं कोटिंग चढलं की गोळी केसभर जाडी होते. मग तोंडही केसभर जास्त उघडायला हवं. नाही उघडलं. गोळी आत जाताना एका अंगाने तासली गेली, आणि वाकडी बसली.

मास्तर : एकच?

वहिनी : सगळ्या. चार महिने तुम्ही ज्या मारल्यात त्या सगळ्या.

मास्तर : आणि कोणाला दिसलं नाही.

वहिनी : कसं दिसणार? तुमची गोळी सपाट तोंडाची, पुरती पुंगळीत बुडते. वरून नुसतं हिरवं टोपण दिसतं, छान गोल.

मास्तर : मग बत्तीसवाल्यांचं काय? त्यांची छिद्रं नाही पांगली.

वहिनी : कोटिंग आलं तेव्हा बत्तीसच्या यंत्राचं सगळं माप मी नव्याने बसवलं. अडतीसचं ह्यांनी बसवलेलं होतं. त्या मापाच्या स्क्रूवर ह्यांनी लाल रंगाचा थेंब टाकून ठेवलाय, हलू नये म्हणून. तो थेंब फोडायला माझा हात झाला नाही, भाऊजी. म्हटलं, ह्यांचं माप आहे, बरोबरच असणार.

मास्तर : बरोबरच होतं. साध्या शिशाला.

वहिनी : नळीत शिसं धरायला लागलं होतं ना तुमच्या?

मास्तर : धरत होतं. दर आठवड्याला ब्रशने घासून खांदा दुखायचा. तुम्हीच म्हणाला होतात, कोटिंगने नळी स्वच्छ राहते म्हणून. मला वाटलं माझ्याबरोबर नळीही म्हातारी झाली.

वहिनी : तेव्हाच बोलायचं.

मास्तर : बोलायचं कोणी, हे आता आपण नको ठरवायला. तुम्हाला कधी कळलं?

वहिनी : चाचणीच्या आधी.

मास्तर : किती आधी?

वहिनी : चार दिवस. एक पुंगळी भरताना चिरली म्हणून गोळी काढून घेतली, तेव्हा दिसलं.

मास्तर : साठ काडतुसं भरायला तुम्हाला किती वेळ लागतो?

वहिनी : दीड तास.

मास्तर : चार दिवसांत दीड तास मिळाला नाही.

वहिनी : मिळाला असता. तेवढ्यात लेक आत आली. म्हणाली, आई, यंदा मास्तरकाका ढिले पडलेत, माझा तिसरा नंबर लागेल बघ. खूश होऊन नाही हो म्हणाली. आकडेमोड करावी तशी म्हणाली. तीन वर्षं ती चौथी येतेय. माझ्या हातात ही सोललेली गोळी होती. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. गप्प बसायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण बसले.

मास्तर : ठरवलं असतंत तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

वहिनी : भांडा ना. मी कुठे पळतेय.

मास्तर : चाचणीत ती दोनशे त्र्याहत्तर, मी दोनशे एक्काहत्तर. आज त्याला चौदा दिवस झाले. त्याआधीचे चार. म्हणजे अठरा. वहिनी, चार महिने ही चूक होती. चूक कोणाकडूनही होते, मी छत्तीस वर्षं पोरांच्या चुका तपासल्यात. पण हे अठरा दिवस चूक नव्हती.

वहिनी : नव्हती.

मास्तर : संघातली जागा गेली ती गेली. पण अठरा दिवस मी माझ्या हाताकडे बघत बसलोय. तुमच्या गोळ्यांपायी डॉक्टरच्या गोळ्या खातोय.

वहिनी : माहितेय.

मास्तर : आज का सांगितलंत मग?

वहिनी : पुंगळ्या मोजून आणल्यात म्हणून. फाटलेल्या वेगळ्या बांधून. मला ते बघवेना. रिव्हॉल्व्हर एकदा विकलं गेलं असतं तर कोणाला काही कळलंच नसतं, आणि मला ते रोज कळत राहिलं असतं.

मास्तर : कोटिंग आणायचं ठरलं, मी तेव्हाच मीटिंगमध्ये म्हणालो होतो. साधं शिसं आणि मेणाचं वंगण. चाळीस वर्षं चालत आलंय. मंद वेगाने मारायच्या टार्गेटच्या गोळीला याहून चांगलं काही नाही. तुम्ही सगळ्यांनी मला जुनाट म्हणून गप्प केलंत.

वहिनी : तुम्ही म्हणाला होतात, आणि रेंजवाल्याच्या रक्तात शिसं निघालं होतं. तो दिवसभर त्या बंद हॉलमध्ये उभा असतो. मेण जळून धूर व्हायचा, समोरचं टार्गेट दिसायचं नाही, तो सगळा त्याच्या छातीत. आता तीन महिन्यांत त्याचा आकडा निम्म्याने खाली आलाय.

मास्तर : निम्म्याने ना. उरलेला निम्मा कुठून येतो? काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, तिच्या धुरात शिसं असतंच. आणि गोळी मागच्या पत्र्यावर आपटली की फुटते, तेव्हा तुमचं कोटिंग काय करतं?

वहिनी : काही करत नाही. तिथे भुगा होतोच. मी कुठे म्हणते सगळं सुटलं? धूर कमी झाला, हाताला शिसं लागत नाही, नळी घाण होत नाही, तांब्याच्या आवरणाच्या गोळीइतकी नळी झिजत नाही आणि ती बाहेरून मागवावीही लागत नाही. एवढं आहे.

मास्तर : आणि दुसरी बाजू?

वहिनी : दुसरी बाजू माझ्या कमरेला विचारा. आधी ओतायची, वंगण लावायचं, झालं. आता ओता, पावडरीत घोळा, एकेक चिमट्याने जाळीवर उभी करा, भाजा, गार करा, परत मापाच्या साच्यातून दाबून काढा. ओव्हन दहा अंशांनी कमी तापला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. थर एकीकडे जाड बसला तर गोळी भोवऱ्यासारखी डुलते. प्रत्येक लॉटमधल्या दोन मी हातोडीने चेपून बघते, दोन द्रावणाच्या फडक्याने पुसून बघते. साधं शिसं चूक पोटात घालायचं. हे घालत नाही.

मास्तर : पहिल्यांदा मान्य केलंत.

वहिनी : मीटिंगमध्ये कोणी विचारलं नाही. तिथे तुम्ही आणि सेक्रेटरी, दोघेच बोलत होतात.

मास्तर : असो. पण हे सगळं गृहीतक झालं, वहिनी. एक सोललेली गोळी बघून माझा हात बरा होत नाही. चार महिन्यांत गोळीही बिघडली असेल आणि हातही. दोन्ही एकदम होऊ शकतं.

वहिनी : म्हणून काल भरून ठेवल्यात. तीन डब्या. एक तुमच्या चाचणीतल्यासारखीच, त्याच मापाने. एकीत कोटिंगच्याच, पण तोंड नीट उघडून.

मास्तर : थेंब फोडलात?

वहिनी : फोडला. तिसरीत साध्या शिशाच्या, ह्यांच्या हातच्या ओतलेल्या. थोड्याच उरल्यात त्या. बंद हॉलमध्ये चालत नाहीत, म्हणून मागच्या उघड्या पट्ट्यावर जाऊ. लेक तिथे टार्गेट लावतेय.

मास्तर : तिला माहितेय?

वहिनी : नाही. कोटिंगची तुलना करायचीय एवढंच सांगितलंय.

मास्तर : डब्यांवरची नावं काढा. नुसतं अ, ब, क लिहा. कशात काय आहे ते मला सांगू नका, तिलाही नको. उत्तर माहीत असलं की विद्यार्थी आकडा जुळवून आणतो.

* * *

लेक : काका, कान झाकलेत? पंचवीस मीटरवर तीन कागद आहेत. रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशवीवर टेकवूनच मारायचं, आई म्हणाली. हाताचा भरवसा नको.

मास्तर : तुझी आई असं म्हणाली?

लेक : म्हणजे, कोणाच्याच हाताचा. तुलना गोळ्यांची आहे ना.

मास्तर : बरोबर आहे. अ घेतोय. दहा गोळ्या.

लेक : मी दुर्बिणीत बघते. सावकाश मारा, घाई नाही.

मास्तर : झाल्या दहा. वाच.

लेक : पांगल्यात. तळहात उघडून ठेवला तर जेमतेम झाकतील. एक तर पार सातच्या वर्तुळात गेलीय. पिशवी हलली का?

मास्तर : नाही हलली. पुढे. ब.

लेक : हं. चला. अरे, हे काय. काका, दोन गोळ्यांनंतर मला छिद्रंच मोजता येत नाहीयेत. एकाच जागी जातायत. दहाही अंगठ्याखाली झाकतील.

मास्तर : क.

लेक : मारा. याही एकत्र. ब पेक्षा थोडं मोठं वर्तुळ आहे, पण थोडंसंच. दोन अंगठे म्हणा. अ आणि क मध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. आई, कशात काय आहे?

वहिनी : थांब जरा. भाऊजी, आता पिशवी काढा. क मधल्या अजून दहा आहेत. उभे राहा आणि एका हाताने मारा, स्पर्धेत मारता तसं.

मास्तर : सकाळची अर्धी गोळी घेऊन आलोय मी.

वहिनी : तरी मारा.

लेक : काका, श्वास सोडून. तुम्हीच मला शिकवलंय आणि तुम्हीच धरून ठेवताय. हं. दहा. नऊ. दहा. मी मध्ये बोलत नाही.

मास्तर : किती?

लेक : चौऱ्याण्णव.

मास्तर : परत मोज.

लेक : दोनदा मोजलेत. चौऱ्याण्णव. चाचणीत दहांचा तुमचा सगळ्यात चांगला आकडा एक्क्याण्णव होता, मला पाठ आहे. काका, बसा ना. पाणी देऊ?

मास्तर : नको. गेल्या वर्षी मला पंचाण्णव-शहाण्णव यायचे. म्हणजे एखाददुसरा गुण हाताचा आहेच. तेवढा वयाला द्यावा लागतो.

लेक : बाकीचे कोणाचे मग? आई, सांग ना. अ म्हणजे काय होतं?

वहिनी : ब ह्यांच्या साध्या शिशाच्या. क कोटिंगच्या, नीट भरलेल्या. अ कोटिंगच्या, चुकीच्या भरलेल्या. पुंगळीचं तोंड कमी उघडल्यामुळे गोळी आत जाताना सोलली जाते.

लेक : मुद्दाम चुकीच्या का भरल्यास?

वहिनी : काका चार महिने त्याच मारतायत. चाचणीतही त्याच होत्या. मी भरलेल्या.

लेक : तुला आज कळलं?

वहिनी : नाही.

लेक : मग कधी?

वहिनी : चाचणीच्या चार दिवस आधी. तू नंबर लागेल म्हणालीस ना, त्या दिवशी.

लेक : म्हणजे मी तिसरी आले नाही. तू मला तिसरी आणलंस.

वहिनी : तू दोनशे त्र्याहत्तर तुझ्याच हाताने मारलेस.

लेक : आणि त्यांनी एक्काहत्तर तुझ्या हाताने मारले. आई, मी ऑफिसात पेढे वाटले. बाबांच्या फोटोसमोर कागद ठेवला. तुला सांगायचं होतं तर आधी सांगायचं. नाहीतर मग सांगायचंच नव्हतं.

वहिनी : सांगायचंच नव्हतं, असं खरंच वाटतं तुला?

लेक : आत्ता वाटतंय. संध्याकाळपर्यंत काय वाटेल ते माहीत नाही. काका, तुम्ही बोला ना काही.

मास्तर : मी काय बोलावं असं तुला वाटतं?

लेक : तुम्ही म्हणणार, जाऊ दे पोरी, जागा तुझीच. तसं म्हणू नका. मला ती अशी नकोय.

मास्तर : मी तसं म्हणणारच नव्हतो. मला परत चाचणी हवी आहे. तुझं मन राखायला नको म्हणता आलं असतं, आणि नंतर तुझ्याकडे बघून मनातल्या मनात चरफडलो असतो. तुझ्यात आणि माझ्यात. तीस गोळ्या. दोघांच्याही नीट भरलेल्या.

लेक : घ्या. मीही सोडणार नाही.

मास्तर : सोडलंस तर मी कमिटीला सांगेन, ही मुद्दाम हरली म्हणून.

लेक : आणि भरणार कोण?

मास्तर : तुझी आईच. या शहरात दुसरं कोण आहे? पण सेक्रेटरींसमोर बसून. आणि वहिनी, सेक्रेटरींना हे तुम्हीच सांगायचं. मी नाही.

वहिनी : आत्ताच जाते.

मास्तर : जा. आणि माझी किल्ली मागून आणा परत.

* * *

(नऊ दिवसांनी, पुन्हा काडतुसं भरायच्या खोलीत. मास्तर आणि वहिनी.)

मास्तर : हा कालचा कागद. तुमच्या फळीवर लावायचा असेल तर लावा, नसेल तर नका लावू.

वहिनी : दोनशे एक्क्याऐंशी. ती?

मास्तर : दोनशे ऐंशी. तुम्हाला तिने सांगितलं नाही?

वहिनी : ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की जेवते, भांडी घासून ठेवते, कामावर जाते. दुसऱ्या कोणाला आकडे विचारायचा धीर झाला नाही.

मास्तर : दोनशे ऐंशी तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा आहे. शेवटच्या पाचात तिने मला घाम फोडला. एकोणतिसाव्या गोळीलाही हात मात्र जागेवर होता.

वहिनी : हरली तेव्हा काय म्हणाली?

मास्तर : हात मिळवला. म्हणाली, पुढच्या वर्षी. मग कपाटाशी जाऊन बराच वेळ बूट बांधत बसली. मी तिकडे गेलो नाही. जिंकलेल्याने अशा वेळी जवळ जायचं नसतं.

वहिनी : तिची जागा मी दिली आणि मीच काढून घेतली.

मास्तर : दिलीत तुम्ही. काढून मी घेतली. माझ्या वाट्याचं तुम्ही घेऊ नका.

वहिनी : कमिटीने मला काय सांगितलं, कळलं असेल.

मास्तर : ताकीद. आणि प्रत्येक लॉटवर दुसऱ्याची सही. ठीक आहे ना. मी शाळेत असताना माझ्या पेपरांवरही दुसऱ्याची सही असायची. त्यात अपमान काय?

वहिनी : अपमान वाटत नाही. आधीच असती तर बरं झालं असतं, असं वाटतं.

मास्तर : डॉक्टरकडे जाऊन आलो. अर्धी गोळी बंद. तो म्हणाला, मी तेव्हाच म्हणालो होतो मला काही दिसत नाही. प्रत्येक जण तेव्हाच म्हणालेला असतो. बरं, ऐका. सामना वीस तारखेला आहे. सरावाला दोनशे आणि सामन्याला शंभर लागतील. या पुंगळ्या घ्या, चारशे बारा.

वहिनी : अजूनही माझ्याकडूनच?

मास्तर : तुमच्याकडून. प्रत्येक पन्नासातल्या तीन काढून मला दाखवायच्या. हातोडीने काढायच्या, भिंगातून मी बघणार.

वहिनी : भरवसा नाही म्हणून?

मास्तर : पद्धत म्हणून. भरवशाचं मला अजून माहीत नाही, वहिनी. खोटं कशाला सांगू? गेल्या आठवड्यात एकदा रस्ता ओलांडून गेलो, तुम्ही समोरून येताना दिसलात म्हणून. आज नाही गेलो. तेवढं झालंय.

वहिनी : पुरे आहे.

मास्तर : आणि साध्या शिशाच्या किती उरल्यात?

वहिनी : सत्तावीस. त्या देणार नाही.

मास्तर : मागत नाहीये. राहू द्या. त्या एका केसाने चांगल्या आहेत हे कमिटीला लिहून कळवणार आहे मी, आणि रेंजवाल्याच्या रक्तापायी कोटिंगच वापरावं, हेही त्याच कागदावर लिहिणार आहे. दोन्ही खरं आहे तर दोन्ही लिहावं. येतो मी. ही बघा, तुमची लेक दारात उभी आहे. किती वेळ झाला गं?

लेक : आत्ताच आले. तुम्ही बोला.

मास्तर : आमचं झालं. गुरुवारी सरावाला येशील ना? राखीव खेळाडूलाही यावं लागतं.

लेक : येणार आहे. तुम्हाला ताप आला तर मला तयार राहायला हवं.

मास्तर : येऊ देत नाही मी ताप. बसा मायलेकी.

वहिनी : काही हवंय का?

लेक : हो.

वहिनी : काडतुसं? तुझी बत्तीसची त्या वरच्या खणात आहेत. सही झालीय.

लेक : ती नकोत. मला शिकव.

वहिनी : काय?

लेक : भरायला. ओतायला, कोटिंग करायला, सगळं. यापुढे माझ्या मी भरणार.

वहिनी : मी भरलेल्या चालणार नाहीत.

लेक : नाही चालणार. प्रत्येक वेळी मारताना मला वाटत राहील की ही माझ्या बाजूने भरलीय. मला तसं नको आहे.

वहिनी : अजून रागात आहेस.

लेक : आहे. रागात शिकता येत नाही का?

वहिनी : येतं. मी तुझ्या बाबांवर रागावूनच शिकले होते. ते सोड. अंगठी काढ, केस बांध. इथे चहा, पाणी, खाणं काही आणायचं नाही, आणि बाहेर जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे. हा चिमटा असा धर. गोळी उभी ठेवायची, शेजारचीला टेकू द्यायची नाही, टेकली की रंग चिकटतो.

लेक : अशी?

वहिनी : पडली. उचल, दुसरी घे.

लेक : हीपण पडली. किती वाया घालवायच्या?

वहिनी : पहिल्या शंभर जातातच. बस.